गुंडूच्या डाव्या गुडघ्यावरची मी

मी एक नीकॅप बोलतेय. नीकॅप म्हणजे गुडघ्यात चढवायची रबरी विणीची पट्टी. पायमोज्याचं पाऊल कापून टाकल्यावर जे नळकांडं उरेल ना, तशी. रंग मूळचा बदामी, आता कसला आहे ते विचारू नका. वासाचंही विचारू नका. नाक दाबून ऐकायचं तर ऐका, मला राग नाही. सात वर्षं एका फुटबॉलवाल्याच्या डाव्या गुडघ्यावर काढली मी, अत्तर कुठनं लावू?

जन्म कुठल्याशा गिरणीत झाला. एका बाजूनं सूत आलं, दुसऱ्या बाजूनं रबर आलं, मशीननं दोघांना गरागरा फिरवलं, झालं लग्न, झाले मी. मग पुडक्यात घालून बंगळुरात आणली. चामराजपेटातल्या एका औषधाच्या दुकानात, काचेच्या कपाटात माझी जागा. एका बाजूला गरम पाण्याची पिशवी, दुसऱ्या बाजूला अंतर्गळाचा पट्टा. त्या पट्ट्याचं गिऱ्हाईक आलं की दुकानदाराच्या कानात सांगायचं. पुरुषमाणसं कशाकशाला लाजतात, ते मी तिथं बघून घेतलं.

मला वाटायचं, एखाद्या म्हातारीच्या मऊ गुडघ्यावर जाईन. दुपारी पाय पसरून बसायचं, शेंगा फोडायच्या, सुनांच्या उखाळ्यापाखाळ्या ऐकायच्या. कसलं काय!

एक्क्याण्णव साली एका रविवारी दुकानात दोघं शिरले. एक टक्कलवाले, कपाळाला गंध, धोतर चिखलानं भरलेलं. दुसरा काळासावळा उंच गडी, हाफचड्डीत, त्यांच्या खांद्यावर लोंबकळणारा. डावा गुडघा असा सुजलेला की नारळ ठेवलाय त्यात.

"चांगली दे पट्टी. चांगल्यातली," टक्कलवाले म्हणाले. "हा माझा स्टॉपर आहे."

"अण्णा, असू दे हो, माझं मी घेतो," उंच गडी कण्हत म्हणाला.

"गप्प बस रे. तू माझ्या क्लबासाठी पडलास, मी तुझ्यासाठी पट्टी घेऊ नको?"

आणि त्यांनी स्वतः खाली बसून, दुकानाच्या पायरीवर, सगळ्या रस्त्यादेखत, मला त्या गुडघ्यावर चढवलं. ते शेषगिरी. चामराजपेटात त्यांचं कॉफीपावडरचं दुकान, आणि दुकानामागच्या खोलीत त्यांचा क्लब, उदयज्योती. आणि तो गडी गुंडू.

गुंडू बेळगावकडचा. एकोणिसाव्या वर्षी फुटबॉल खेळायला म्हणून बंगळुरात आला. दिवसभर अगरबत्तीच्या कारखान्यात पेट्या भरायचा, पहाटे पळायचा, शनिवार-रविवार मॅच. माझ्याआधीच्या पाच वर्षांत त्यानं चार क्लब केले होते. एकाच्या सेक्रेटरीचं लग्न झालं आणि बायकोनं क्लब बंद केला. एकाचे अर्धे गडी दुबईला गेले. कुठंही असला तरी क डिव्हिजन, फार तर ब. मैदान म्हणजे लाल माती, गोटे, आणि एका कोपऱ्यात हमखास कुणाची तरी गाय. बघायला चाळीस माणसं, त्यातली दहा शेंगा विकायला आलेली.

खेळायचा मात्र मनापासून. स्टॉपर म्हणजे मागं उभा राहून दुसऱ्याचा गोल अडवणारा. गोल मारणाऱ्याला खांद्यावर घेतात, अडवणाऱ्याला कोण विचारतो? एकदाच पेपरात फोटो आला. त्यात समोरचा फॉरवर्ड पूर्ण, आणि गुंडूचा नुसता डावा पाय. म्हणजे मी! सात वर्षांत पेपरात आले ते मीच, त्याला बिचाऱ्याला नाही जमलं.

मी पॅन्टच्या आत कायम असायची, मॅच असो नसो. लग्नातसुद्धा होते, धोतराच्या आत. मुलगी निपाणीची, कस्तुरी. मुलगी बघायला गेलो तेव्हा तिच्या बापानं विचारलं, "जावईबापू काय करतात?"

"फुटबॉल खेळतात," बरोबर आलेला मामा म्हणाला.

"ते कळलं. पण करतात काय?"

मामा म्हणाला, "होईल की, कारखान्यात कायम होणार आहे." ते तेव्हा साफ खोटं होतं. पण एकदम हवेतलंही नव्हतं हो. त्या दिवसांत बंगळुरातल्या मोठमोठ्या कारखान्यांच्या स्वतःच्या टीम असायच्या. त्यांच्या नजरेत भरलं की कायमची नोकरी, क्वार्टर, कॅन्टीनचं जेवण. सगळे खालच्या डिव्हिजनवाले त्याच एका आशेवर गोट्यांवर गुडघे फोडत होते. अट एकच, वय अठ्ठाविसाच्या आत.

कस्तुरी आली तेव्हा गुंडू पंचविशीचा. आल्या आल्या तिनं मला साबणानं घासलं आणि नाक मुरडून म्हणाली, "तुम्ही अगरबत्त्या भरता की ह्याचा वास मारायला तिथं नोकरी धरलीय?" मला ती पहिल्या दिवसापासून आवडली. जिभेला हाड नाही, पण मला पिळताना हळूच पिळायची, रबर तुटू नये म्हणून.

आता एक रीत सांगते, ती नीट ऐका, कारण सगळा घोळ तिच्यातच आहे.

दरवर्षी एप्रिलात क्लब बदलायचा महिना असायचा. लीगच्या कचेरीत फॉर्म द्यायचा, त्यावर क्लबाचं नाव, खाली खेळाडूची सही. एका माणसाचा एकच फॉर्म. दोन आले की वर्षभर खेळ बंद, कुणीही असो. पण लहान क्लबांचे सेक्रेटरी एप्रिलापर्यंत कुठले थांबतात? गडी गावाला जातात, फुटतात, रुसतात. म्हणून शेषगिरी संक्रांतीलाच सगळ्यांना दुकानात बोलवायचे. हातावर तीळ, गूळ, खोबरं, आणि पुढ्यात कोरा फॉर्म. तोंडात घास, हातात पेन. सह्या झाल्या की फॉर्म कॉफीच्या रिकाम्या डब्यात घालून फळीवर ठेवायचे आणि एप्रिलात नेऊन द्यायचे. विश्वासाचं काम. कुणाला कधी त्यात वावगं वाटलं नाही. गुंडूनं पंच्याण्णवच्या संक्रांतीलाही अशीच सही केली. मी टेबलाखाली होते.

मार्चात एक मॅच झाली, आणि ती संपल्यावर विश्वेश्वर नावाचा माणूस गुंडूपाशी आला. धारवाडचा, येलहंक्याकडच्या एका तारेच्या कारखान्याच्या टीमचा कोच. कडक इस्त्री, मिशा त्याहून कडक.

"ए स्टॉपर, वय किती?"

"सत्तावीस, सर."

"अठ्ठावीस कधी लागणार?"

"जूनच्या नऊला."

"मग एप्रिलात आमचा फॉर्म भर. मे महिन्यात मुलाखतीला नाव घालतो. आमच्या टीममध्ये नाव असलं तरच हं. जूननंतर मी तर नाहीच, माझा बाप आला तरी काय होत नाही. गुडघ्याला काय झालंय?"

"काही नाही सर. सवय."

सवय! आत पाणी साठलेलं मला कळत होतं. पण मीही अशी ताठ बसले की जणू नुसती शोभेला घातलीय. एवढं खोटं तर मीसुद्धा बोलले त्याच्यासाठी.

घरी सांगितल्यावर कस्तुरीनं आधी विश्वासच ठेवला नाही. मग दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता दोन बस बदलून येलहंक्याला गेली आणि त्या कारखान्याची क्वार्टर्स बाहेरून बघून आली.

"दोन खोल्या आहेत. नळ घरात. एका बाईला विचारलं, पाणी किती वाजता येतं? ती म्हणाली, येतं म्हणजे काय, असतंच." हे सांगताना ती मला वाळत घालत होती. चिमटा लावायचाच विसरली, मी धपकन खाली मोरीत.

एप्रिलाच्या तीन तारखेला गुंडूनं कचेरीत जाऊन कारखान्याच्या फॉर्मवर सही केली. तिथं नागनाथ नावाचे कारकून. चष्म्यावरून बघत विचारलं, "दुसरीकडं कुठं सही केली नाहीस नव्हं?"

"नाही."

खोटं बोलला. मलाच कळलं फक्त. त्याचा हिशेब असा, की तो संक्रांतीचा फॉर्म अजून डब्यातच आहे, त्यावर क्लबाचं नावसुद्धा नाही. संध्याकाळी शेषगिरींकडं जायचं, खरं काय ते सांगायचं, फॉर्म परत मागायचा. दोन मिनिटांचं काम.

संध्याकाळी गेला.

"बारो गुंडू, बा!" शेषगिरी गल्ल्यावरनं उठलेच. "स्वल्प कॉफी घे. गुडघा कसाय? बघू पट्टी."

आणि वाकून त्यांनी पॅन्टचा पाय वर सरकवला, मला दोन बोटांनी ओढून बघितलं. "सैल नाही ना झाली?" दुकानात चार गिऱ्हाइकं होती. त्यांना सांगू लागले, "हा पडला होता ना, पाऊस, चिखल, रिक्षावाला घेईना. मी खांद्यावर घातला ह्याला! धोतर गेलं माझं, जाऊ दे. ही पट्टी मी घेतलेली. चार वर्षं झाली, अजून कशी आहे बघा!"

सगळ्यांनी वाकून मला बघितलं. गुंडूनं कॉफी प्यायली. मी आतनं जीव खाऊन आवळत होते, बोल मेल्या, बोल. त्यानं मला खाजवलं. कप ठेवला, म्हणाला, "येतो अण्णा," आणि घरी आला.

चार दिवसांनी परत गेला. ह्या खेपेला रस्ताभर पाठ करत होता. "अण्णा, तो फॉर्म जरा पाहिजे होता. अण्णा, तुम्ही रागावणार नसाल तर." एका म्हशीसमोरसुद्धा म्हणून बघितलं. म्हशीनं काही हरकत घेतली नाही. दुकानामागच्या खोलीत शिरला तर सगळी टीम बसलेली, आणि शेषगिरी म्हणाले, "बरं झालं आलास. ह्या वर्षी कॅप्टन गुंडू!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

गुंडू म्हणाला, "सरी, अण्णा." सरी म्हणजे कानडीत बरं.

बाहेर येऊन त्यानं विजेच्या खांबावर कपाळ टेकलं. बराच वेळ टेकून उभा होता. एक माणूस विचारून गेला, चक्कर आली काय?

तुम्ही म्हणाल, एवढं काय अवघड होतं? मीही तेच म्हणत होते. पण गुडघ्यावर बसून बसून मला एक कळलं. हा माणूस समोरनं धावत येणाऱ्या गड्याला आडवा पडून थांबवेल, दात पडला तरी हटणार नाही. पण ज्यानं आपल्याला खांद्यावर घेतलं, त्याच्याकडं एक कागद परत मागायचा म्हटलं की ह्याची जीभ टाळ्याला चिकटते. आणि प्रत्येक वेळी त्या खांद्याची आठवण कोण करून द्यायचं? मी. नुसती तिथं असून.

कस्तुरीला त्यानं काही सांगितलं नव्हतं. तिनं तर, आता क्वार्टर मिळणार म्हणून, निपाणीला पत्रसुद्धा टाकलं होतं.

एप्रिलाच्या पंधराला कामावरनं लवकर सुटून तो तिसऱ्यांदा निघाला.

"कुठं चाललाय?" कस्तुरीनं विचारलं.

"शेषगिरी अण्णांकडं."

"रोज काय तिथं? कॉफी मीही करते की."

दुकानात शेषगिरींची सून बसली होती. "अप्पा नाहीत. आत्ताच कचेरीत गेले, सगळ्यांचे फॉर्म घेऊन. ह्या वर्षी सगळ्यांच्या आधी देतो म्हणाले."

गुंडू पळाला. बसची वाटसुद्धा बघितली नाही. चामराजपेटातनं मार्केटापर्यंत तसाच, गाड्यांमधनं, हातगाड्यांमधनं, आणि मी आत त्या गुडघ्याचं हाडावर हाड वाजताना ऐकत होते. मार्केटात रिक्षा मिळाली. रिक्षात बसल्यावर त्यानं मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं, जशी काही मीच पडणार होते.

कचेरीत पोचला तर नागनाथांच्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी. दोन्हीवर शिक्के. दोन्हीखाली गुंडूची तीच सही, शेवटी रेघ ओढलेली. टेबलाच्या अलीकडं शेषगिरी उभे, हातात कॉफीचा रिकामा डबा.

"गुंडू," ते म्हणाले, "हे काय रे?"

गुंडूला दम लागलेला. तोंडातनं नुसता वारा.

"कारखान्यात घेतायत तुला?"

मान हलली.

"आणि तू मला सांगितलं नाहीस? दोनदा येऊन कॉफी पिऊन गेलास!" म्हाताऱ्याचा आवाज फाटला. "अरे, मी पेढे वाटले असते. हा कागद तुझ्यासमोर फाडला असता, खुळ्या!" मग ते नागनाथांकडं वळले. "साहेब, माझा फॉर्म खोटा समजा. मी परत घेतो. चूक माझी म्हणून लिहा."

"घेता आला असता हो," नागनाथ म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो. चष्मा काढून पुसत होता. "पण शिक्का बसला, रजिस्टरात चढला. त्या दिवशी मी विचारलं होतं ह्याला, नाही म्हणाला. आता माझ्या हातात काय आहे?"

विश्वेश्वरला फोन लावला. फोन शेषगिरींनीच केला, हात जोडून बोलत होते, जसं काही त्याला तारेतनं दिसणार होतं. पलीकडचं मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून शेषगिरी म्हणाले, "बंदी असलेल्या माणसाचं नाव घालता येत नाही म्हणतो." आणि तिथल्या बाकावर बसले. गुंडू त्यांच्या शेजारी बसला. कुणीच उठेना. शेवटी नागनाथांनी पंखा बंद केला, तेव्हा उठले.

घरी आल्यावर गुंडूनं कस्तुरीला सगळं एका दमात सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तीनदा गेलात. मागायला काय झालं होतं? तोंडात अगरबत्ती धरली होती?"

गुंडूनं पॅन्टचा पाय वर केला आणि माझ्याकडं बोट दाखवलं. "ही त्यांनी घेतलेली आहे गं," म्हणाला.

कस्तुरी माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता चुलीत जाते मी. जावंसं वाटलं, खरं सांगते. तिनं मला त्याच्या पायातनं सोडवलं. गुडघा भोपळ्यासारखा झाला होता. तिनं मीठपाणी गरम केलं, फडकं बुडवलं, शेकायला लागली. शेकता शेकता रडली. पण हात थांबवला नाही.

जूनच्या नऊला तिनं शिरा केला. दोघांनी खाल्ला. कुणी वय काढलं नाही.

वर्षभर गुंडू मैदानाच्या बाहेर उभा राहिला. मॅच बघायचा, आणि समोरचा फॉरवर्ड सुटला की ह्याचा डावा पाय आपोआप पुढं. मी धरून ठेवायची. बंदी उठल्यावर, अठ्ठाविसाची अट नसलेलं दुसरं कुठं मिळतंय का म्हणून कस्तुरीनं चौकशा केल्या. कुठंच नव्हतं. कारखान्यांच्या टीमसुद्धा एकेक करून कमी होत चालल्या होत्या. अगरबत्तीच्या पेट्या तशाच भरल्या जातायत. खेळतो मात्र अजून, उदयज्योतीतच, क डिव्हिजन. नवी पोरं वीस-बावीसची, ह्याला 'अंकल' म्हणतात. तोही ओ देतो.

आता अठ्ठ्याण्णव चाललंय. माझ्यातलं रबर मेलं. पाच मिनिटं पळाला की मी घसरून पोटरीवर, आणि दहा मिनिटांत घोट्याशी, पैंजणासारखी. बघणारे हसतात. गुंडू थांबतो, वाकतो, मला ओढून जागेवर आणतो, तेवढ्यात फॉरवर्ड निसटतो. मागच्या रविवारी असाच एक गोल झाला.

मॅचनंतर शेषगिरी आले. आता तेही काठी घेऊन चालतात. हातात एक पुडी होती. "गुंडू, नवी आणलीय तुझ्यासाठी. जुनी फेकून दे ती."

पुडीतनं ती डोकावत होती, बदामी, ताठ, कोरी करकरीत. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू? सुटले एकदाची म्हटलं.

गुंडूनं पुडीकडं बघितलं. हात मागं घेतला.

"नको, अण्णा," तो म्हणाला. "मला नको."

शेषगिरींनी पुडी परत गुंडाळली. मग खिशात घातली.

मेल्या, आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाला नाही म्हणालास, आणि ते ह्या नव्या पट्टीला म्हणालास? तीन वर्षांपूर्वी एवढे दोन शब्द निघाले असते, तर आज कारखान्याच्या दवाखान्यात डॉक्टर तुझा गुडघा बघत असता.

बायांनो, बाबांनो, चामराजपेटाकडं कधी आलात, कॉफीचा वास येईल त्या गल्लीत उंच, लंगडत चालणारा माणूस भेटला, तर माझा एवढा निरोप सांगा. पुढच्या रविवारची मॅच खेळू नकोस म्हणावं. त्याला वाटतं, मी त्याचा गुडघा धरून ठेवलाय. मी कधीच सोडलाय तो. आतलं हाड हललेलं मला रोज कळतं, आणि माझं बोलणं त्याच्या कानापर्यंत काही पोचत नाही.